राकसकोपचं पाणी वरून बघायचंय, आईला झेपेल अशी वाट सांगा

टिळकवाडीकर | ९ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण मागची गोष्ट सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळायचं नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

आमच्या घरात जून-जुलैत सकाळी पेपर आला की आई आधी पावसाची बातमी काढते आणि राकसकोपची, म्हणजे बेळगावला पाणी देणाऱ्या धरणाची, पातळी मोठ्यानं वाचते. काल एवढी होती, आज एवढी झाली. २४७५ फूट झालं की 'भरलं गं बाई' म्हणून चहा पुन्हा ठेवते. मी शाळेत होतो तेव्हापासून हे चालू आहे. नळाला चार दिवसांनी पाणी, आठ दिवसांनी पाणी, पिंपं, कळश्या, रात्री दोनला उठून नळाखाली बादली, ह्या सगळ्यातून गेलेली बाई. गेल्या आठवड्यात सहज विचारलं, "आई, राकसकोप बघितलंयस काय गं कधी?" तर म्हणाली, "कुठलं? नळातनंच बघितलंय."

चौऱ्याहत्तर वर्षं बेळगावात काढली आणि पंधरा-वीस किलोमीटरवरचं पाणी बघितलं नाही. मीही धरणाजवळून दोनदा गेलोय तेवढाच. तिला ते सगळं पाणी एका नजरेत बघायचंय, म्हणजे थोडं उंचावरून.

आता अडचण. डाव्या गुडघ्याचं दुखणं जुनं आहे. सपाटीवर अर्धा तास आरामात चालते, मंडईत तर माझ्यापेक्षा जास्त. जिना एक-एक पायरी करून चढते. बरोबर सहा वर्षांची पुतणी असेल. कृपा करून नुसतं 'सोपी आहे' म्हणू नका. मागं एकानं 'अगदी सोपं, लहान पोरंही जातात' म्हणून सांगितलेल्या ठिकाणी गेलो होतो. लहान पोरं जातात हे खरं. ती चार पायांवर जातात.

कॅम्पातला_पिंट्या | ९ ऑक्टोबर, रात्री १०.०२

काका, किल्ला तलावावर न्या की. सपाट वाट, बसायला बाकडी, ११० मीटरचा झेंडा, बाहेर भेळ. पाणी ते पाणी.

टिळकवाडीकर | ९ ऑक्टोबर, रात्री १०.०९

पिंट्या, तिथं ती आठवड्यातून दोनदा जाते. त्या पाण्याचा चहा होत नाही म्हणते.

चंदगडी_काजू | ९ ऑक्टोबर, रात्री ११.१५

आमच्या बाजूनं या. वैजनाथाच्या डोंगरावरनं राकसकोपचं पाणी दिसतंय तसं कुठनंच दिसत न्हाई. वेंगुर्ला रोडनं हिंडलगा, सुळगा, बाची, शिनोळी, तिथनं देवरवाडी. गाडी देवळापर्यंत येतीय. देवळापासनं वर रस्ता महिपाळगडाला जातोय. चढ संपला की कडंला जांभ्याचा माळ लागतोय, गाडी लावायची नि माळावरनं कडंपर्यंत चालायचं. आम्ही पोरं धा मिंटात जातो. खाली सगळं पाणी. सोप्पं हाय.

अक्काताई | १० ऑक्टोबर, सकाळी ६.५०

काजू बाळ, तुझी धा मिंटं म्हणजे त्यांच्या आईची अर्धा तास धर. मी मागच्या साली नणंदेला घेऊन गेलतो. माळ सपाट दिसतोय पण सपाट नाही. जांभ्याला भोकं असतात, त्यात पाणी साचून शेवाळ धरतंय. पाऊस संपून पंधरा दिवस झाल्याशिवाय तिकडं म्हातारं माणूस नेऊ नका. नणंद दोनदा बसली. पडली नाही म्हणतीया अजून, 'बसले' म्हणतीया.

पुण्यात_अडकलेला | १० ऑक्टोबर, सकाळी ९.३१

अक्काताई, नणंदेला घेऊन 'गेलतो'? माझी पुण्यातली बायको मागून वाचत होती, ती विचारते आहे की अक्काताई हे गृहस्थ आहेत का.

अक्काताई | १० ऑक्टोबर, सकाळी ९.४४

तिला म्हणावं बेळगावात बायका येतो, जातो, जेवतोच. इकडं आली की आठ दिवसात ती पण करायला लागंल.

शहापूरकर | १० ऑक्टोबर, दुपारी १.२०

मी तुमच्या जागी असतो तर वरून बघायचा हट्ट सोडला असता. राकसकोप गावाच्या बाजूनं खाली पाण्याजवळ जाता येतं, बेळगुंदीच्या रस्त्यानं. चढ नाही, उतार नाही, पायाखाली मऊ गवत. समोर पाणी, पलीकडं वैजनाथाचा डोंगर. आई बांधावर बसून बघेल. डोंगरावर चढून खालचं पाणी बघण्यापेक्षा पाण्याशी बसून डोंगर बघावा.

फक्त एक. ते शहराचं पिण्याचं पाणी आहे. तिथं गाड्या धुणारे, पाण्यात उतरणारे, बाटल्या टाकणारे बघितले की माझं डोकं फिरतं. धरणाच्या भिंतीकडं कामाचं म्हणजे कामाचं आवार आहे, तिथं घुसायला जाऊ नका.

टिळकवाडीकर | १० ऑक्टोबर, दुपारी २.०५

शहापूरकर, पटतंय तुमचं. पण तिला 'एका नजरेत सगळं' हवंय. पेपरात आकडा वाचून तिच्या डोक्यात जे काही पाणी तयार झालंय, ते पन्नास वर्षांचं आहे. काठावरून त्याचा एक कोपरा दिसेल.

निवृत्त_मास्तर | १० ऑक्टोबर, सायंकाळी ५.४८

धागा वाचून राहवलं नाही. दोन गोष्टी नोंदवतो, वाटेशी त्यांचा संबंध थोडाच आहे.

राकसकोपचं धरण मार्कंडेय नदीवर आहे आणि ते १९६२ सालचं. मार्कंडेय उगम पावते बैलूरजवळ, आणि गोडचिनमलकीचा धबधबा करून गोकाकच्या बाजूला घटप्रभेला मिळते. शहराला दुसरं पाणी हिडकलचं येतं, ते घटप्रभेवरचं. म्हणजे आपण बेळगावकर ज्या दोन नद्यांचं पाणी पितो, त्या पुढं जाऊन एकत्रच होतात. आपल्या नळात त्यांची भेट आधीच होते एवढंच.

दुसरी गोष्ट अशी. चंदगडी_काजू म्हणतात तो डोंगर आज कोल्हापूर जिल्ह्यात, चंदगड तालुक्यात, आणि खालचं पाणी बेळगाव जिल्ह्यात. पण १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्याला गेला, चंदगड तेवढा वगळला. त्यामुळं तुमच्या मातोश्री माळावर उभ्या राहतील तेव्हा पाय एका राज्यात आणि नजर दुसऱ्या राज्यात असेल. त्यांच्या जन्माच्या वेळी, म्हणजे फार वर्षांपूर्वी नव्हे, दोन्ही एकाच जिल्ह्यात होतं.

कॅम्पातला_पिंट्या | १० ऑक्टोबर, सायंकाळी ६.१२

मास्तर, सीमाप्रश्न आला की धागा पाचशे प्रतिसादांवर जातो. आजीचा गुडघा बाजूला राहील.

निवृत्त_मास्तर | १० ऑक्टोबर, सायंकाळी ६.३०

म्हणूनच दोन परिच्छेदांत आवरलं. आणि बाळ, 'मातोश्री' लिहिलंय मी, आजी नव्हे. त्या माझ्याहून लहान आहेत.

गुडघेदुखी_क्लिनिक | ११ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज हेच काम. एक गैरसमज सगळ्यांच्या लिहिण्यात दिसतोय: चढ किती? उलटं विचारा. उतार किती? चढताना दम लागतो, पण गुडघ्यावर भार उतरताना जास्त येतो. त्यामुळं 'जाताना काही त्रास झाला नाही' ह्यावर विसंबून पुढं जाऊ नका. निम्मी ताकद परतीसाठी राखून ठेवायची.

काठी घ्या, आणि ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. डावा गुडघा तर काठी उजव्या हातात. लोक नेमकं उलटं करतात. पायरीसारखा दगड आला तर चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आणि तुम्ही हात धरून ओढायचं नाही. त्यांना हवा तेव्हा त्यांनी तुमचा दंड धरायचा.

दर पाच-सात मिनिटांनी बसायला काय आहे, हे आधी कुणाला तरी विचारून ठेवा. गुडघेदुखीच्या माणसाला वाटेची लांबी फारशी नडत नाही. बसायला जागा नाही, हे नडतं.

टिळकवाडीकर | ११ ऑक्टोबर, सकाळी ८.४०

हे सोन्यासारखं लिहिलंत. काठी उलट्या हातात देण्याचं पाप मी दोन वर्षं करतोय.

चंदगडी_काजू | ११ ऑक्टोबर, दुपारी १२.२२

बसायला काय, दगडं हाईत की सगळीकडं. पण ताई म्हणत्यात ते खरं, बसायच्या उंचीचं दगड कमी. आज सांजच्याला जाऊन बघून येतो. तसंबी ढोरं तिकडंच हाईत.

बाणेरचा_बेळगावी | ११ ऑक्टोबर, रात्री ९.०५

माझा अनुभव सांगतो म्हणजे कुणाचा तरी वेळ वाचेल. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मोबाइलवरच्या नकाशात एक ठिपक्या-ठिपक्यांची वाट दिसली, तळ्याच्या काठावर नेणारी, १.२ किलोमीटर. बायको, दोन पोरं, एक डबा, एक बाटली पाणी. पहिली दहा मिनिटं वाट होती. मग ती करवंदीच्या जाळीत शिरली आणि बाहेर आलीच नाही. ठिपके मात्र दिमाखात पुढं जात होते. ते कुण्या माणसाचे नसून एखाद्या म्हशीचे असावेत. पोरांनी करवंदं खाल्ली, मी काटे खाल्ले. शेवटी पाणी दिसलं तेव्हा ते अर्ध्यावर आलेलं, भोवती तांबड्या चिखलाचा भला मोठा पट्टा, भेगा पडलेला. पाण्यापर्यंत जायला अजून दोन शेतं चालायला लागली असती.

म्हणजे दोन धडे. नकाशातल्या ठिपक्यांपेक्षा गावातल्या माणसाला विचारावं. आणि मे महिन्यात राकसकोप बघायला गेलात तर राकसकोप कमी आणि माती जास्त दिसते.

अक्काताई | १२ ऑक्टोबर, सकाळी ७.०१

मे मध्ये करवंदं तरी मिळतात. डिसेंबरात गेलात तर वाळलेल्या गवतावर तळवा घसरतोय, ते शेवाळापेक्षा वाईट. खालनं साफ झालेली चप्पल तर नकोच. दिवाळीच्या आगंमागं बरं. पाणी भरलेलं, शेवाळ वाळलेलं, गवत अजून जरा ओलं. सकाळी लवकर जावा, दहाच्या आत परत फिरा. सांजच्याला थांबू नका, गवे येतात त्या बाजूला. बघायला गाईसारखे दिसतात म्हणून पोरं जवळ जातात. नको.

आणि बायकांची एक अडचण कोण लिहीत नाही म्हणून मी लिहितो. माळावर आडोसा नाही. घरातनं निघताना, मग देवळाकडं, तिथंच काय ते उरकून घ्या. ह्या भीतीनं आमच्या वयाच्या बायका पाणी पीत नाहीत आणि मग चक्कर येती म्हणतात.

चंदगडी_काजू | १२ ऑक्टोबर, रात्री ८.३७

बघून आलो. गाडी लावतात तिथनं कडंपर्यंत माझी सहाशे पावलं. मधी दोन ठिकाणी बसायचं जमतंय. एक पडका गडगा हाय, कमरंइतका. दुसरा जांभळीच्या झाडाखाली दगड, बसका. कडंच्या अलीकडं वीस-पंचवीस पावलांवर एक मोठा सपाट दगड हाय, तिथनं बी सगळं दिसतंय. एकदम कडंला जायाचं कारण न्हाई. शेवाळ अजून हाय. पंधरा दिस थांबा.

टिळकवाडीकर | १२ ऑक्टोबर, रात्री ८.५१

काजू, तुम्ही माझ्या आईसाठी सहाशे पावलं मोजून आलात. काय लिहू.

चंदगडी_काजू | १२ ऑक्टोबर, रात्री ८.५५

लिव्हू नका, या. जाताना काजूगर घेऊन जावा आमच्याकडनं.

कॅम्पातला_पिंट्या | १२ ऑक्टोबर, रात्री ९.१०

जाहिरात सापडली.

हुक्केरीहून | १४ ऑक्टोबर, सकाळी ११.४०

विषय राकसकोपचा आहे तरी सांगतो. गुडघ्याला त्रास न देता मोठं पाणी बघायचं असेल तर हिडकल. ५१ टीएमसीचा जलाशय, राकसकोप त्याच्यापुढं कळशी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं जुनं विठ्ठलाचं देऊळ वर येतं, तेव्हा माणसं दर्शनाला जातात. एरवी देव पाण्यात.

टिळकवाडीकर | १४ ऑक्टोबर, दुपारी १२.०३

त्याला उन्हाळ्यात नक्की येतो. आईला सांगितलं तर म्हणाली, "हिडकलचं पाणी आमच्याकडं मागनं आलं. आधी राकसकोप." क्रमवारी ठरलेली आहे.

टिळकवाडीकर | ५ नोव्हेंबर, रात्री १०.१८

मंडळी, काल जाऊन आलो. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना हिशोब द्यायला हवा म्हणून सविस्तर लिहितो.

सकाळी साडेसहाला घर सोडलं. हिंडलग्याच्या पुढं धुकं, रस्त्याच्या दोन्ही बाजूला भात पिवळं पडलेलं, काही ठिकाणी कापणी चालू. रताळ्याचे वेल काढलेल्या शेतात बायका वाकून रताळी गोळा करत होत्या. आईनं काच खाली करून एकीला भाव विचारला. तिनंही वाकल्या वाकल्या भाव सांगितला. गाडी चालूच होती.

बाची ओलांडली तसा फोन टुणटुणला आणि महाराष्ट्रात आपलं स्वागत केलं. शिनोळीला चहा घेतला. पुतणीनं विचारलं, इथं चहा वेगळा लागतो का. आई म्हणाली, चहा तोच, पाणी वेगळं.

आधी देवळात गेलो. वैजनाथ आणि शेजारीच आरोग्य भवानी. एक वैद्यांचा नाथ, दुसरी आरोग्याची देवी, गुडघ्याचं काम घेऊन येणाऱ्याला ह्याहून सोयीचं ठिकाण मिळणार नाही. महाशिवरात्रीला इथं पाय ठेवायला जागा नसते. काल आम्ही आणि दोन कुत्री. आईनं भवानीपुढं बराच वेळ हात जोडले आणि उठताना मला म्हणाली, "चालायचं सांगितलंय, उतरायचं पण सांगितलंय." म्हणजे फिजिओताईंचा निरोप तिनं देवीपर्यंत पोचवला.

काजू आमची वाट बघत उभे होतेच. गाडी लावली. काठी उजव्या हातात. पुढं काजू, मग आई, मग मी, पुतणी सगळीकडं.

अक्काताई, तुम्ही सांगितलंत तसंच. माळ लांबून परातीसारखा सपाट दिसतो आणि पायाखाली आला की चाळणी. काळाकभिन्न जांभा, त्यात मुठीएवढी, वाटीएवढी भोकं, काहींत अजून पाणी आणि त्यात निळसर-जांभळी इवलीइवली फुलं. काजू म्हणाले सीतेची आसवं. आई थांबली, वाकता येत नाही म्हणून काठीच्या टोकानं दाखवून पुतणीला एक-एक फूल मोजायला लावलं. आम्हाला वाटलं फुलं दाखवतेय. खरं तर दम घेत होती. हे मला दुसऱ्या थांब्याला कळलं, कारण तिथं फुलं नव्हती आणि ती आभाळ दाखवायला लागली.

गडग्यावर पहिली बैठक. जांभळीखाली दुसरी. काजूंची सहाशे पावलं, आईची नऊशे ऐंशी. पुतणीनं मोजली, त्यामुळं शंभर इकडंतिकडं धरा. वेळ सत्तावीस मिनिटं.

सपाट दगडाशी पोचलो तेव्हा खाली नुसतं धुकं. मी मनातून खचलो. एवढं सगळं करून पांढरा कापूस बघायचा? काजू म्हणाले, "बसा, आत्ता उठंल." आई बसली. पिशवीतून डबा काढला, शिरा होता आणि चपात्या. आम्ही खात होतो आणि धुकं कडेकडेनं उसवत गेलं. आधी एक झाड. मग पाण्याचा तुकडा, शिशासारखा. मग आणखी एक. दहा मिनिटांत सगळं उघडं पडलं. पाणी एकसंध गोल नाही, डोंगरांच्या मधून पालथ्या पंजाची बोटं पसरल्यासारखं आत शिरलंय. काठाला हिरवं, त्याच्यावर भाताचं पिवळं. लांब धरणाची भिंत, एक सरळ रेघ. एवढ्या सगळ्या वाकड्यातिकड्यात तेवढीच एक सरळ.

आई बघत राहिली. मी आपला बाजूला, ती काय म्हणते म्हणून. मला वाटलं होतं डोळ्यात पाणी वगैरे येईल.

म्हणाली, "एवढंच?"

मग थोड्या वेळानं, "एवढंच पाणी, नि आख्खं गाव पितंय?" आणि मग बराच वेळ गप्प. नंतर माझ्याकडं वळून अगदी खरं विचारलं, "ते २४७५ कुठं लिहिलेलं असतंय?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं. मी म्हटलं, तिकडं धरणाशी मोजपट्टी असेल, इथून दिसायची नाही. ती डोळे बारीक करून त्या सरळ रेघेकडं बघत राहिली. पुतणीनं मोबाइलचा कॅमेरा मोठा करून आजीला दाखवला, पण त्यात नुसते चौकोन दिसले.

तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, धरणाचं काम चालू असताना मातीच्या पाट्या टाकायला जात होते, हे मला काल पहिल्यांदा कळलं. पंचेचाळीस वर्षं ह्या बाईच्या घरात राहतोय मी. "एवढं आठवतंय," म्हणाली, "दादा आले की धोतर तांबडं असायचं आणि आई ओरडायची." बाकी काही नाही. कुठल्या बाजूची भिंत, किती दिवस, मजुरी किती, काही ठाऊक नाही. तांबडं धोतर तेवढं.

परतीचं सांगायलाच हवं, कारण चूक माझी. येताना मी शहाणपणा केला आणि जांभळीपासून सरळ गाडीच्या दिशेनं घेतलं, जवळ पडतं म्हणून. सावलीतला एक पट्टा अजून ओला होता. आईचा काठीचा हात सटकला, ती माझ्या दंडावर आली, मी गुडघ्यावर आलो. तिला काही झालं नाही. माझी विजार फाटली. पलीकडं एक आजोबा गुरं घेऊन बसले होते, ते तिथूनच ओरडले, "ढोरं गेल्यात तिकडनं जावा वो! ढोर घसरंल तिकडनं कधी जाईत न्हाई." मग गुरांच्या वाटेनं वळसा घालून गेलो. लांब पडली, पण एकदाही पाय हलला नाही. म्हणजे बाणेरकरांच्या नकाशातली म्हैस वेगळी असणार.

घरी आल्यापासून आई पातळाच्या काठातली कुसळं काढतेय. काल रात्री काढली, आज सकाळी काढली, आता मी हे लिहितोय तेव्हाही समोर बसून एक-एक ओढून वाटीत टाकतेय. टाकून का देत नाहीस म्हटलं तर म्हणाली, "केरात टाकली की पायाला लागतात."

पुण्यात_अडकलेला | ५ नोव्हेंबर, रात्री १०.४४

दोनदा वाचलं. माझ्या आईला घेऊन जायचं राहून गेलं. बायको म्हणते, आपण जाऊ. जातोच म्हणाली. 'जातो', ऐकताय ना अक्काताई?

अक्काताई | ५ नोव्हेंबर, रात्री १०.५०

ऐकतोय की. या.

गुडघेदुखी_क्लिनिक | ६ नोव्हेंबर, सकाळी ७.५५

गुडघा कसा आहे आज? सूज असेल तर बर्फ दहा-पंधरा मिनिटं, कपड्यात गुंडाळून. आणि तुमचा स्वतःचा गुडघा? त्याबद्दल कुणीच विचारलं नाही.

टिळकवाडीकर | ६ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

तिचा ठीक. सकाळी उठून मंडईत गेली. माझा सुजलाय. बर्फ लावून बसलोय आणि काठी सध्या माझ्याकडं आहे, विरुद्ध हातात.

निवृत्त_मास्तर | ६ नोव्हेंबर, सकाळी १०.१०

'एवढंच पाणी नि आख्खं गाव पितंय' हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आहे. मातोश्रींना सांगावं.

शहापूरकर | ६ नोव्हेंबर, दुपारी १२.३५

एक विचारू? त्या सपाट दगडाच्या पुढं कठडा वगैरे काही आहे का? माझी पोरं थांबणारी नाहीत.

टिळकवाडीकर | ६ नोव्हेंबर, दुपारी १२.५०

काही नाही. कठडा नाही, पाटी नाही, बाकडं नाही. दगडापुढं वीस-पंचवीस पावलांवर माळ संपतो आणि पुढं उतार सुटतो, जरा उभाच. पुतणीचा हात आम्ही आळीपाळीनं धरला होता. पोरं न थांबणारी असतील तर तुमचाच सल्ला तुम्ही ऐका, खालच्या बाजूनं जा.

त्यावरून आठवलं. आई विचारतेय, त्या खालच्या बाजूनं गाडी कुठपर्यंत जाते. आकडा जवळून बघायचाय म्हणते. आवारात सोडणार नाहीत हे सांगून बघितलं. "विचारायला काय जातंय" म्हणाली.

अक्काताई | ६ नोव्हेंबर, दुपारी १.१५

बेळगुंदीपर्यंत आणा त्यांना. पुढं मी येतो संगट. आणि तुम्ही गाडीतच बसा आता.